ऑरेगॉनहून टेक्ससला जाताना पीएच्या सहीची हद्द

पत्र (थोडक्यात): मी गेली आठ वर्षं ऑरेगॉनमध्ये, पोर्टलँडजवळ, एका फॅमिली क्लिनिकमध्ये पीए (फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांशी जोडून रुग्ण तपासणारी आणि औषधं लिहिणारी व्यावसायिक) म्हणून काम करते. यजमानांची बदली डॅलसला झाली आहे आणि फ्रिस्कोच्या एका क्लिनिकने मला नोकरी देऊ केली आहे. तिथे मालक डॉक्टर एकच, शाखा तीन. त्यांच्या हाताखाली आधीच चार नर्स प्रॅक्टिशनर (जास्तीचं शिक्षण घेऊन रुग्ण तपासणाऱ्या, औषधं लिहिणाऱ्या नर्स) आणि तीन पीए आहेत, सगळे पूर्णवेळ. डॉक्टर म्हणतात, “पहिल्या दिवसापासून पेशंट बघा. विमा कंपन्यांकडे तुमचं नाव लागेपर्यंत बिलं माझ्या नावाने जातील.” माझ्याकडे एडीएचडीची (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) बरीच मुलं येतात. त्यांची ॲडरॉल, कॉन्सर्टा ही औषधं इथे मीच लिहून देते. तिथेही लिहिता येईल ना? इथल्या जुन्या पेशंटना आठवड्यातून एक संध्याकाळ व्हिडिओवर बघत राहण्याचाही विचार आहे. आणखी एक, माझा पुण्याचा भाचा बीएस्सी पीए झालाय. त्याला इकडे यायला काही वाट आहे का?

ताई, तुम्ही राजीनामा देण्याआधी लिहिलंत हे फार बरं केलंत. पुष्कळ पीए नवी नोकरी धरतात, घर हलवतात आणि मग नव्या राज्याचा कायदा उघडतात. तुमच्या पत्रातल्या चार गोष्टींपैकी दोन जशा ठरल्यात तशा घडल्या तर टेक्ससच्या कायद्याबाहेर जातील, आणि एक केंद्र सरकारच्या मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) नियमात अडकू शकेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची पदवी, एनसीसीपीएचं (पीएंना प्रमाणित करणारी राष्ट्रीय संस्था) प्रमाणपत्र आणि एनपीआय नंबर (देशभर चालणारा ओळख क्रमांक) सगळ्या देशात चालतात. काय करायची मुभा आहे हे मात्र प्रत्येक राज्याचं विधिमंडळ ठरवतं, आणि तुमच्या अनुभवाकडे ही राज्यं अगदी वेगवेगळ्या नजरेने बघतात. यूटाने २०२१ साली तासांची पायरी बांधली. पहिले ४,००० तास डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तिथून १०,००० तासांपर्यंत सहकार्याच्या कराराखाली, आणि त्यापुढे पीए स्वतंत्र. मोंटानाने २०२३ मध्ये हीच रेषा ८,००० तासांवर आखली. नॉर्थ डकोटाने २०१९ मध्येच परवानाधारक आरोग्यसंस्थेत काम करणाऱ्या पीएसाठी डॉक्टरशी लेखी कराराची अट काढून टाकली. ऑरेगॉनमध्ये २०२१ च्या कायद्याने देखरेखीच्या जागी सहकार्य करार आणला. तो डॉक्टरशी करता येतो तसा नोकरी देणाऱ्या संस्थेशीही करता येतो आणि क्लिनिकमध्येच राहतो. तुम्ही आठ वर्षं पूर्णवेळ काम केलंय, म्हणजे ढोबळमानाने सोळा हजार तास. यूटा किंवा मोंटानात त्या तासांना वजन असतं. टेक्ससचा कायदा तास मोजत नाही. आज पास झालेली मुलगी आणि तुम्ही, दोघींना तिथे एकच नियम.

आमच्या मते तासांची पायरी हाच जास्त न्याय्य मार्ग आहे, कारण तो अनुभवाला किंमत देतो आणि नवख्यांना आधारही देतो. पण काम करायचं ते आज अंमलात असलेल्या कायद्याखाली. टेक्ससचं विधिमंडळ विषम वर्षी जानेवारीत भरतं आणि नेहमीचं अधिवेशन १४० दिवसांचं असतं. नवे कायदे साधारणपणे १ सप्टेंबरला लागू होतात. डॉक्टरांच्या संघटनांचा पीएंचे अधिकार वाढवायला तिथे ठाम विरोध आहे. त्यामुळे “पुढच्या वर्षी नियम सैल होतील” असं कोणी सांगितलं तर त्याच्या भरवशावर नोकरी पत्करू नका.

आता सगळ्यात आधी आकडा बघा. टेक्ससमध्ये औषधं लिहिण्याचा अधिकार डॉक्टर पीएला किंवा नर्स प्रॅक्टिशनरला ‘सोपवतो’, आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे एका डॉक्टरला तो जास्तीत जास्त सात जणांना सोपवता येतो. हे सात पूर्णवेळाच्या हिशेबाने धरतात आणि त्यात नर्स प्रॅक्टिशनर आणि पीए दोन्ही एकत्र मोजतात. तुमच्या डॉक्टरांकडे चार आणि तीन मिळून सात पूर्णवेळ आधीच आहेत. तुम्ही आठव्या. वैद्यकीय सेवा अपुऱ्या असलेल्या लोकवस्तीसाठी चालणारी ठिकाणं आणि रुग्णालयातलं काम यांना ही मर्यादा लागत नाही, पण फ्रिस्कोचं खासगी फॅमिली क्लिनिक त्यात बसेल असं वाटत नाही. डॉक्टरांना थेट विचारा: टेक्ससच्या वैद्यकीय मंडळाकडे आज माझ्याआधी किती जणांची नोंद आहे, त्यातलं कोणी अर्धवेळ आहे का, कोणी सोडून चाललंय का? की दुसरा डॉक्टर घेणार आहात? उत्तर ईमेलवर मागा. डॉक्टर भले असतील, कदाचित त्यांनी मोजलंच नसेल. पण मंडळाकडून विचारणा झाली तर त्या कागदावर तुमचंही नाव असेल.

दुसरा मुद्दा औषधांचा. तुमच्या रोजच्या कामावर सगळ्यात जास्त परिणाम याचाच होईल.

गैरवापराचा धोका असलेल्या ‘नियंत्रित’ औषधांचे केंद्राने गट पाडलेत, त्यांना शेड्यूल म्हणतात; आकडा जितका लहान तितका निर्बंध कडक. टेक्ससमध्ये पीएला शेड्यूल ३, ४ आणि ५ ची औषधं लिहिता येतात. शेड्यूल २ ची औषधं फक्त रुग्णालयाच्या आवारातल्या कामात, म्हणजे किमान २४ तास राहण्यासाठी दाखल झालेल्या किंवा इमर्जन्सीत आलेल्या रुग्णासाठी, आणि हॉस्पिसमध्ये (अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी). क्लिनिकमध्ये नाहीत. ॲडरॉल, कॉन्सर्टा, रिटालिन, व्हायव्हान्स ही सगळी शेड्यूल २. ऑक्सिकोडोन शेड्यूल २. हायड्रोकोडोनच्या मिश्र गोळ्या ६ ऑक्टोबर २०१४ पासून शेड्यूल २ मध्ये गेल्या, त्यामुळे तोवर क्लिनिकमधला पीए ज्या लिहीत असे त्याही एका दिवसात त्याच्या हाताबाहेर गेल्या. तुमच्या हातात राहतं ते असं: ट्रामाडोल, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, फेंटरमाइन शेड्यूल ४ मध्ये, कोडीन-ॲसिटामिनोफेनच्या गोळ्या, टेस्टोस्टेरॉन आणि ब्युप्रेनॉर्फिन शेड्यूल ३ मध्ये, प्रेगाबालिन शेड्यूल ५ मध्ये. यांनाही अट आहे. रिफिल (त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध घेणं) धरून ९० दिवसांपेक्षा जास्त पुरवठा लिहिता येत नाही. त्यापुढे चालू ठेवायचं तर डॉक्टरांशी बोलून तशी नोंद चार्टमध्ये करावी लागते. दोन वर्षांखालच्या मुलासाठी नियंत्रित औषध लिहितानाही आधी डॉक्टरांशी बोलणं आणि चार्टमध्ये नोंद, दोन्ही हवं. तीव्र दुखण्यासाठी ओपिऑइड (अफूच्या वर्गातलं वेदनाशामक) लिहिताना दहा दिवसांची कमाल मर्यादा आहे, आणि ती डॉक्टरांनाही लागते.

मग एडीएचडीच्या मुलांचं काय करायचं? कामाची वाटणी बदलायची. ॲटोमॉक्सेटिन आणि ग्वानफेसिन ही नियंत्रित औषधं नाहीत. ज्या मुलाला ती लागू पडतात त्याची तुम्ही करारात बसेल तशी पूर्ण काळजी घेऊ शकता. ज्याला स्टिम्युलंटच (ॲडरॉल, कॉन्सर्टासारखं औषध) हवं त्याला डॉक्टरांनी स्वतः बघून स्वतःच्या निर्णयाने लिहावं. केंद्राच्या नियमाप्रमाणे शेड्यूल २ ला रिफिल नसतं, पण डॉक्टर एकाच भेटीत एकूण ९० दिवसांपर्यंतची वेगवेगळी प्रिस्क्रिप्शनं देऊ शकतात आणि प्रत्येकावर “या तारखेआधी देऊ नये” असं नमूद करतात. म्हणजे डॉक्टरांची तीन महिन्यांतून एक भेट आणि मधल्या भेटी तुमच्याकडे: वजन, उंची, रक्तदाब, नाडी, भूक, झोप, शाळेतून आलेला शिक्षकांचा अभिप्राय. तुमचा अनुभव खरा कामी येतो तो इथे. तीन शाखा आणि एकच डॉक्टर असताना या भेटी कुठल्या वारी, कुठल्या शाखेत ठेवणार, हे मुलाखतीतच विचारा. तिथे उत्तर नसेल तर महिन्याभरात पालक काउंटरवर उभे राहतील आणि शेवटी बोलणी तुम्हालाच बसतील.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत करू नका. टेक्ससमध्ये १ जानेवारी २०२१ पासून नियंत्रित औषधांचं प्रिस्क्रिप्शन संगणकावरूनच पाठवावं लागतं, थोडे अपवाद सोडले तर. त्यासाठी डॉक्टरांचा दोन टप्प्यांचा पासवर्ड असतो: एक त्यांना पाठ, दुसरा त्यांच्या फोनवर किंवा छोट्या टोकनवर येणारा आकडा. तो टोकन नर्सच्या खणात ठेवून “डॉक्टरांनी सांगितलंय, पाठव” म्हणत बटण दाबायचं, हे कानावर येतं. तो टोकन दुसऱ्याच्या हातात देणं डीईएच्या (नियंत्रित औषधांवर लक्ष ठेवणारी केंद्रीय संस्था) नियमात बसत नाही, आणि त्या बटणावर तुमचं बोट असेल तर तुम्ही तुमच्या अधिकारात नसलेलं शेड्यूल २ औषध दिलं असा अर्थ होतो. आधीच सही करून ठेवलेलं कोरं प्रिस्क्रिप्शन वापरणं हाही तोच गुन्हा. “सगळे असंच करतात” हे उत्तर मंडळापुढे चालत नाही.

रुग्णाच्या बाजूने बघितलं तर हा नियम आम्हाला पटत नाही. इमर्जन्सीत पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाला पीए हायड्रोकोडोन लिहू शकतो आणि क्लिनिकमध्ये पाच वर्षं ओळखीचा असलेल्या माणसाला लिहू शकत नाही. यातून सुरक्षितता वाढते असं म्हणणं अवघड आहे. वाढतात त्या पालकांच्या खेपा. तुम्हाला तसं वाटत असेल तर राज्यातल्या पीए संघटनेत जाऊन बोला. आमदारांसमोर साक्ष द्यायला क्लिनिकमध्ये काम करणारी माणसंच लागतात.

आता करार. टेक्सस ऑक्युपेशन्स कोडच्या १५७ व्या प्रकरणात ‘प्रिस्क्रिप्टिव्ह ऑथॉरिटी ॲग्रीमेंट’ मध्ये (औषधं लिहिण्याचा अधिकार सोपवणारा करार) काय हवं ते दिलंय आणि पीएंचा सगळा कायदा २०४ व्या प्रकरणात आहे. क्लिनिक तुमच्यापुढे दोन पानांचा छापील नमुना ठेवेल. सही करण्याआधी तो या प्रकरणाशी ताडून बघा. त्यात सगळ्यांची नावं, पत्ते आणि परवाना क्रमांक हवेत. कामाचं स्वरूप आणि ठिकाणं हवीत. तुमच्या बाबतीत तिन्ही शाखांचे पत्ते, कारण न लिहिलेल्या शाखेत अचानक पाठवलं तर तिथल्या प्रिस्क्रिप्शनला कराराचा आधार राहत नाही. कुठल्या प्रकारची औषधं लिहायची किंवा लिहायची नाहीत हे हवं. डॉक्टरांचा सल्ला कधी घ्यायचा, पेशंट पुढे कुठे पाठवायचा, तातडीच्या प्रसंगी काय करायचं, आणि माहितीची देवाणघेवाण कशी होणार, हेही हवं. डॉक्टर सुटीवर किंवा आजारी असतील तेव्हा पर्यायी डॉक्टर कोण, हे नावानिशी लिहून घ्या. एकट्या डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये हीच ओळ कोरी राहते. मग डॉक्टर महिनाभर भारतात गेले की तुम्ही कोणाच्या आधारावर काम करताय, याला उत्तर नसतं.

करारात गुणवत्ता तपासणीची योजना असते: चार्ट तपासणी आणि महिन्यातून एक बैठक. किती चार्ट तपासायचे हे तुम्ही आणि डॉक्टर मिळून ठरवता. २०१९ पासून ही बैठक समोरासमोरच झाली पाहिजे असं नाही, पण ती झाल्याची नोंद हवी. आमचा आग्रह आहे की ती नोंद तुम्ही स्वतः ठेवावी. तारीख, कुठले चार्ट बघितले, काय बदलायचं ठरलं, दोघांच्या सह्या. डिसेंबरमध्ये बसून बारा महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने लिहिलेल्या ओळखू येतात. करार दरवर्षी वाचून नव्याने सही आणि तारीख घालावी लागते, संपल्यावरही दोन वर्षं जपावा लागतो, आणि मंडळाने मागितला तर तीन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. म्हणून एक प्रत घरी ठेवा. क्लिनिक सोडून गेल्यावर तिथल्या कपाटात हात घालता येत नाही. कोणावर पूर्वी शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर सहीआधी सांगणं दोघांवरही बंधनकारक आहे. तुम्हीही मंडळाच्या संकेतस्थळावर डॉक्टरांचं नाव घालून बघा. परवाना चालू आणि निर्बंध नसलेला हवा. त्यात संकोच वाटून घेऊ नका.

देखरेख म्हणजे डॉक्टर सतत शेजारी हवेत असं टेक्ससचा कायदाही म्हणत नाही. देखरेख अखंड हवी, पण फोनवर किंवा तत्सम साधनाने लगेच संपर्क होत असेल तर हजेरीची सक्ती नाही. इतिहास घेणं, तपासणं, चाचण्या सांगणं, निदान मांडणं, उपचार सुरू करणं आणि त्यावर लक्ष ठेवणं, शस्त्रक्रियेत मदत, तज्ज्ञाकडे पाठवणं, हे सगळं तुमच्या कामात येतं.

कागदपत्रांचा क्रम चुकला की आठवडे वाया जातात. आधी टेक्ससचा परवाना. त्यासाठी एनसीसीपीएचं चालू प्रमाणपत्र, बोटांचे ठसे, ऑरेगॉन मंडळाकडून थेट आलेला पडताळा आणि टेक्ससच्या वैद्यकीय कायद्यावरची परीक्षा लागते. परीक्षा अवघड नाही. या पत्रातले बरेच नियम त्यात येतात, म्हणून मनापासून वाचून द्या. परवान्यानंतर करार, आणि मंडळाच्या ऑनलाइन व्यवस्थेत देखरेखीची आणि औषधं सोपवल्याची नोंदणी. त्या नोंदीचा छापील कागद जवळ ठेवा, आणि नोंद दिसेपर्यंत पेशंट बघू नका. मग डीईए. नोंदणी राज्यागणिक असते. ऑरेगॉनची नोंदणी टेक्ससच्या पत्त्यावर वळवायला पैसे पडत नाहीत, पण वळवली त्या क्षणापासून ऑरेगॉनमध्ये तुम्हाला नियंत्रित औषध लिहिता येत नाही. घाई करून आधीच वळवलीत तर पोर्टलँडच्या शेवटच्या आठवड्यांत तुमच्याच पेशंटांची पंचाईत होईल. दोन्हीकडे हवी असेल तर दुसरी नोंदणी, तीन वर्षांचे ८८८ डॉलर. टेक्ससची स्वतःची वेगळी नियंत्रित औषध नोंदणी २०१६ मध्येच बंद झाली आहे, कोणी तिचे पैसे मागितले तर देऊ नका. राज्याच्या प्रिस्क्रिप्शन मॉनिटरिंगमध्ये (रुग्णाला आधी कुठली नियंत्रित औषधं मिळाली ते दाखवणारी नोंदव्यवस्था) मात्र खातं उघडा. ओपिऑइड, बेंझोडायझेपिन, बार्बिट्युरेट आणि कॅरिसोप्रोडॉल लिहिण्याआधी तिथे बघणं १ मार्च २०२० पासून सक्तीचं आहे. आणि फ्रिस्कोच्या बिल्ल्यावर ‘फिजिशियन असिस्टंट’ असंच लिहा. ऑरेगॉनने २०२४ मध्ये ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव घेतलं, टेक्ससच्या कायद्यात जुनंच आहे.

बिलाबद्दल डॉक्टर जे म्हणाले त्याने आम्हाला काळजी वाटली. मेडिकेअर पीएच्या नावाने आलेल्या बिलाला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं. डॉक्टरला १०० डॉलर मिळतील त्या कामाला तुमच्या नावावर ८५. डॉक्टरच्या नावाने पूर्ण दर घेण्याची एक वैध वाट आहे, तिला ‘इन्सिडंट टू’ म्हणतात. पण त्यासाठी डॉक्टरांनी त्या आजाराचा उपचार स्वतः सुरू केलेला हवा आणि नियमात सांगितलेली थेट देखरेख त्या वेळी हवी. नवा पेशंट किंवा जुन्या पेशंटचा नवा आजार यात बसत नाही. नवीन नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तुमच्यासमोर बसणारे बहुतेक कोण असणार? त्यांची बिलं सरसकट डॉक्टरच्या नावाने गेली तर तो फॉल्स क्लेम्स ॲक्टचा (सरकारला खोटी बिलं लावण्याविरुद्धचा कायदा) विषय होतो. तिथे नुकसानीच्या तिप्पट वसुली आणि शिवाय प्रत्येक बिलामागे दंड लागतो. खासगी विमा कंपन्यांचे नियम आपापले असतात, ते प्रत्येक कंपनीकडून लेखी घ्यावे. सरळ उपाय असा: परवाना हाती येताच मेडिकेअरची नोंदणी सुरू करा. टेक्सससाठी ती नोव्हिटास या मेडिकेअरच्या कंत्राटदार कंपनीकडे जाते, ऑरेगॉनची नॉरिडियनकडे होती. सीएक्यूएचची (विमा कंपन्या तुमचे तपशील जिथून तपासतात ती सामाईक नोंद) माहिती अद्ययावत करा, ती दर १२० दिवसांनी पुन्हा प्रमाणित करावी लागते. खासगी कंपन्यांना दोन-तीन महिने सहज लागतात, तेव्हा रुजू होण्याची तारीख त्या हिशेबाने मागा. मधल्या काळात ज्या कंपन्यांकडे नाव लागलंय तेवढेच पेशंट बघायचे, असं नेमणूकपत्रात घालून घ्या. त्याच पत्रात व्यवसाय विम्याचंही बघा. पोर्टलँडचा विमा ‘क्लेम्स-मेड’ (तो चालू असताना आलेल्या दाव्यांपुरताच) असेल तर तिथून निघताना टेल कव्हर (नंतर येणाऱ्या दाव्यांसाठीचा विमा) कोण भरणार हे आत्ताच विचारा.

ऑरेगॉनच्या पेशंटना व्हिडिओवर बघायचं तर लक्षात ठेवा: उपचार पेशंट बसलाय तिथे होतो, तुम्ही कुठे बसलात याला महत्त्व नाही. त्या संध्याकाळी तुम्हाला ऑरेगॉनचा चालू परवाना हवा आणि ऑरेगॉनचा सहकार्य करारही हवा. जुनी नोकरी पूर्ण सोडलीत तर तिथला करारही संपतो. म्हणून हे करायचंच असेल तर जुन्या क्लिनिकमध्ये अर्धवेळ नाव ठेवून घ्या, आणि त्या कामाला त्यांचा विमा लागू आहे ना ते बघा. नियंत्रित औषधं मात्र व्हिडिओवरून लिहू नका, ती मुलं तिथल्याच सहकाऱ्याकडे नीट सोपवून या. पीए कॉम्पॅक्टबद्दल (पीएंच्या परवान्यांसाठी राज्याराज्यांतला करार) ऐकलं असेल. तो अंमलात यायला लागणारी सात राज्यं २०२४ मध्ये त्यात आली. पण तो परवाना मिळणं सोपं करतो, अधिकार वाढवत नाही. त्यातही पेशंटच्या राज्याचाच कायदा लागतो.

भाच्याला खरं ते सांगा, लवकर सांगा. अमेरिकेत पीए व्हायला पॅन्स परीक्षा पास व्हावी लागते आणि तिला एआरसी-पीएची (पीए अभ्यासक्रमांना मान्यता देणारी अमेरिकी संस्था) मान्यता असलेल्या अभ्यासक्रमातून उत्तीर्ण झालेलेच बसू शकतात. भारतातली कुठलीही पदवी त्यात येत नाही, एमबीबीएससुद्धा. म्हणजे त्याला इथे पीएचा मास्टर्स पहिल्यापासून करावा लागेल, सरासरी २७ महिने आणि त्यात सुमारे २,००० तास रुग्णांसोबतचं प्रशिक्षण. “तुमची पदवी बदलून देतो” म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये. इथे अर्ज करायचाच असेल तर आधी त्या-त्या कॉलेजला लिहून विचारावं की परदेशी पदवीवरचे विज्ञानाचे विषय तुम्ही धरता का. काही कॉलेजं ते अमेरिकेतच पुन्हा करायला लावतात आणि तो खर्च वेगळा असतो. भारतात राहून काम करायचं असेल तर २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याच्या यादीत फिजिशियन असोसिएटचा समावेश आहे. आपलं कॉलेज आणि अभ्यासक्रम त्या कायद्याखालच्या नोंदणीला पात्र आहेत का, हे त्याने कॉलेजकडून लेखी घ्यावं आणि गुणपत्रिका, इंटर्नशिपचा दाखला, विभागवार पोस्टिंगची नोंद यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती आत्ताच काढून ठेवाव्यात.